ओली पेंड

१

मोहनरावांनी गोदामातल्या मागच्या रांगेतल्या पोत्यात खोल हात घातला तेव्हा हाताला पेंड लागायला हवी होती. लागलं उसाचं पाचट.

त्यांनी शेजारच्या पोत्यात हात घातला. पाचट. मग ते पुढच्या पोत्यांवरून चढून मागं गेले आणि एकेक पोतं उलथं करत सुटले. पुढची रांग खरी, मागची सगळी सोंगाडी. तोंडाशी तेवढी मूठभर पेंड पसरलेली, म्हणजे कुणी सुतळी सोडून डोकावलं तरी फसावं.

बाहेर अख्खी छावणी गोळा झाली. चकलांब्याच्या अलीकडं, उघड्या माळावर, दूध सोसायटीनं चालवलेली ही जनावरांची छावणी. दोन पावसाळे कोरडे गेले होते, म्हणून आसपासची माणसं आपापल्या गाई-म्हशी, बैल घेऊन इथं हिरव्या जाळीखाली राहायला आली होती. जनावरं दावणीला, माणसं दावणीशेजारी. चूल तिथंच, अंघोळ तिथंच, म्हणजे झाली तर, आणि मनकर्णेचा दहावीचा अभ्यासही तिथंच, म्हशीच्या पाठीला टेकून.

मनकर्णा म्हणजे भामाबाईची मुलगी. बाप पुण्यात वॉचमन, माय-लेकी छावणीत. नुकतीच ती गेवराईला वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आली होती. विषय होता ‘शिक्षेच्या धाकाने गुन्हे थांबतात’. चिठ्ठीत ‘बाजूने’ निघालं, ती बाजूने बोलली, टाळ्या पडल्या. तेव्हापासून हिची वेणीसुद्धा वाद घालायला निघाल्यासारखी हलते, असं भामाबाईचं म्हणणं होतं.

भाषणातलं शेवटचं वाक्य छावणीच्या फाटकावर लाल रंगात लिहिलेलं होतं: ‘शिक्षा अशी हवी, की चोराआधी त्याची सावली थरथर कापली पाहिजे.’ खाली नियम होता. चोरी करणाऱ्याची जनावरं छावणीतून कायमची बाहेर. आधी असं काही नव्हतं. आधी चारा चोरताना कुणी सापडला, तर आठवडाभर छावणीतलं शेण भरायचं. माणसं त्याला चिडवायची, तो शिव्या द्यायचा, विषय संपायचा.

मोहनराव सोसायटीचे चेअरमन. माणूस कडक, पण स्वतःच्या शब्दाला जागणारा. गोदामातून बाहेर येऊन त्यांनी धोतराला हात पुसले आणि सरळ धुळाजीकडं बोट केलं.

“धुळाजी, मावळतीच्या आत तुझी बैलजोडी फाटकाबाहेर पाहिजे. ठाण्यात तक्रार उद्या देतो.”

धुळाजी मेंढपाळ. मेंढरांना छावणीत घेत नव्हते, म्हणून बायको मेंढरं घेऊन माळावर आणि हा बैलांपाशी आत. त्याला काही कळेना. “म्या काय केलं, मालक?”

“साक्षीदार हाय. नाव सांगणार न्हाई. आपल्या मनकर्णेनंच सांगून ठेवलंय, सावली थरथर कापली पाहिजे.”

सगळ्या माना मनकर्णेकडं वळल्या. बक्षिसाच्या दिवशी वळल्या होत्या तशाच, पण आज त्यात कौतुक नव्हतं. या दिवसांत बाहेर काढलेले बैल बाजारात जातात आणि तिथं त्यांना कोण विकत घेतं, हे लहान पोरालाही माहीत होतं.

धुळाजीनंही तिच्याकडं पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

“तूच लिव्हलं व्हय गं ते, बाय?” त्यानं विचारलं.

२

तालुक्यात पहिल्या आलेल्या मुलीला एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, आणि त्याचाच तिला संताप आला. वाक्य तिचं. ते तिला न विचारता फाटकावर चढवायचं आणि वर एका गरिबाच्या बैलांवर उगारायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं? ‘माझं वाक्य हाय,’ ती मनात म्हणाली, ‘त्याच्याकडं मी बघून घेते.’

आणि ती बबनरावांकडं गेली.

बबनराव सोसायटीचे सेक्रेटरी. मऊ बोलणारा, पोरांना गोळ्या वाटणारा माणूस. फाटकावरची पाटी त्यांनीच आपल्या वळणदार अक्षरात रंगवली होती. दुधाची गाडी ते रोज स्वतःच गेवराईला न्यायचे. आताही गाडी भरून तयार होती, ते नुसता दोर आवळत होते.

“काका, साक्षीदार कोण?”

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. “तुला म्हणून सांगतो. मीच.”

“तुमी?”

“परवा सगळे हरिपाठाला बसलेवते. मी ऑफिसात होतो. गोदामाच्या मागून घाटी वाजत गेली. धुळाजीच्या बैलाच्या गळ्यातली. फुटका आवाज हाय तिचा, दुसऱ्या कुणाची तशी न्हाई.”

“मग उठून पाह्यलं कावून न्हाई?”

“पाह्यलं असतं तर गरिबाचं तोंड दिसलं असतं, पोरी. मग मला खोटं बोलावं लागलं असतं.” त्यांनी उसासा टाकला. “एवढे कॅन नेतो, पण दूध कुठंय आता? अर्धे रिकामेच हेलपाटा मारतेत. डेअरीवाले म्हणतेत, सगळे आणा, तर आणा.”

गाडी निघाली. फाटकाशी मोठा उंचवटा होता. त्याच्यावरून ती हळू, जपून चढली, कॅन मागं गुमान बसून राहिले, आणि बबनरावांनी जाता जाता हात हलवला.

मनकर्णा धुळाजीच्या दावणीकडं गेली. चोर सापडला असेल तर निदान त्याच्या तोंडून ऐकावं, एवढाच तिचा विचार होता. धुळाजी बैलाच्या मानेवरून हात फिरवत बसला होता. ती मान तिनं बघितली. मग दुसऱ्या बैलाची बघितली.

“मामा, घाटी कुठंय?”

“कसली घाटी? म्हातारी गेली न माझी, शिमग्याच्या आधी. वर्ष सरूस्तवर बैलाच्या गळ्यात वाजणारं काई न्हाई. आमच्यात तसं असतंय.”

“मग हाय कुठं ती?”

“बायकोच्या गठुड्यात. तिकडं मेंढरांपाशी.”

तिला स्वतःच्या कपाळावर हात मारावासा वाटला. रोज इथूनच शाळेला जाते, रोज या बैलांच्या मुकेपणाजवळून जाते. दावणीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त त्याला, जो ऑफिसातून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात जातो.

मग परवा हरिपाठाच्या वेळी वाजलं काय?

३

“काल सोडून ठेवली असंल,” मोहनराव म्हणाले. “त्याच्या एकट्याच्या बोलण्यावर मी जाणार न्हाई. शिमग्यापासून घाटी नव्हती असं सांगणारा एक माणूस आण. एक.”

एक माणूस. दावण तर भरलेली होती. मनकर्णा नाचतच निघाली.

छबुबाईची गाय धुळाजीच्या बैलांना लागूनच बांधलेली. छबुबाई शेणी थापत होती.

“मावशी, धुळाजीमामाच्या बैलांना घाटी नव्हती न?”

“मला घाटी बी म्हाईत न्हाई अन् बैल बी म्हाईत न्हाई.”

“तुमची गाय त्यांच्या शेजारी हाय.”

“असंल. मी तिकडं बघत न्हाई.” छबुबाईनं शेणी जरा जास्तच जोरात थापली. “तू असं कर, कॅन आले की मला हाक मार. आज धुवणाचा नंबर माझ्या गाईचा हाय.”

गेवराईहून रिकामे कॅन परत आले की ते खळखळून धुवायचे, आणि ते पांढुरकं पाणी फेकायचं नाही. टँकरचं पाणी मापानं मिळणाऱ्या छावणीत धुवण फेकणं म्हणजे पाप. ते रोज एका घरच्या जनावराला, नंबराप्रमाणं.

रतनबाई तर मनकर्णेला येताना पाहूनच म्हशीच्या पलीकडं गेली.

“काकू, साधी साक्ष द्यायचीय.”

“साक्षीला गेलं की विचारतेत, अजून काय पाह्यलं. मग काय सांगू?”

“अजून काय पाह्यलंत?”

“काय बी न्हाई,” रतनबाई इतक्या घाईनं म्हणाली, की म्हशीनंसुद्धा मान वळवून बघितलं.

मनकर्णा दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कुणाला ऐकू कमी यायचं, कुणाला दिसत नव्हतं, एकाला तर एकाएकी झोप लागली. आणि हीच माणसं, शेणाच्या शिक्षेच्या दिवसांत, कुणी वैरणीची एक पेंढी उचलली तरी अख्ख्या छावणीला ऐकू जाईल असं ओरडायची.

सूर्य कलू लागला तशी ती सुग्रीवपाशी पोचली. सुग्रीव छावणीतला सगळ्यात तगडा गडी, मिशांना रोज तेल.

“दादा, तुमी तर बोला.”

“तू जा घरी, मना.”

“मिशा कशाला ठेवल्यात मग? एक खरं बोलायला जमत न्हाई तर काढून टाका. उगं तेल कशाला वाया घालवता?”

सुग्रीव उठून उभा राहिला. चेहरा लाल झाला होता, पण आवाज त्यानं खालीच ठेवला.

“मिशा काढतीस व्हय माझ्या? तुझ्या आईपायी गप्प बसलोय मी.”

४

“मी?” भामाबाई म्हणाली. हातातला कणकेचा गोळा परातीत पडला.

“आपल्या म्हशीच्या तोंडाला पेंड होती म्हणतो सुग्रीवदादा. खुराक वाटला नव्हता त्या दिवशी. त्यानं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. आई, खरं सांग.”

भामाबाईनं लेकीकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते रागासारखंही होतं आणि हसण्यासारखंही. “मी पेंड चोरीन? अगं, मी तर छबूपायी तोंड शिवून बसलेय. तिच्या गाईच्या नाकाडाला ओली पेंड चिकटलेली मी पाह्यली. एकच गाय हाय बाईची. सांगून काय तिला मारू?”

मनकर्णा तशीच उठून छबुबाईकडं पळाली. “मावशी, आई तुमच्यापायी गप्प हाय.”

“माझ्यापायी?” छबुबाईचा शेणाचा हात हवेतच राहिला. “मी तर रतनच्या म्हशीच्या वगारीचं तोंड पुसलं सोताच्या पदरानं, कुणाला दिसू नये म्हणून.”

आणि रतनबाई? रतनबाई गप्प होती सुग्रीवसाठी. त्याच्या गाईच्या मिशांना पेंडीचे भिजलेले कण तिनं पाहिले होते.

मनकर्णा दावणीच्या मधोमध थांबली. म्हणजे आई छबुमावशीला वाचवतेय, छबुमावशी रतनकाकूला, रतनकाकू सुग्रीवदादाला, आणि सुग्रीवदादा आईला. सगळे एकमेकांचे उपकारकर्ते, कुणालाच पत्ता नाही. जुना नियम असता तर पहिल्याच दिवशी भांडण झालं असतं, आणि भांडणात सगळं बाहेर पडलं असतं. पण जनावर मरणार म्हटल्यावर कोण तोंड उघडणार? कडक शिक्षेला चोर घाबरला नव्हता. साक्षीदार घाबरले होते.

गेवराईच्या त्या स्टेजवर ती इतकं छान बोलली होती, आणि हे एवढंसं तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

पण चौघांच्या जनावरांच्या तोंडाला पेंड लागली कशी? चौघंही चोर, की चौघंही नाहीत?

‘ओली पेंड,’ आई म्हणाली होती. ‘भिजलेले कण,’ रतनकाकू म्हणाली होती. पेंड भिजवायला पाणी आहे कुणाकडं? खुराकाची पेंड सगळे कोरडीच घालतात. मापाबाहेरचं पाणी छावणीत एकच.

धुवण.

ज्याचा नंबर, त्याच्या जनावराच्या तोंडाला पेंड. म्हणजे पेंड धुवणात होती, म्हणजे ती कॅनात होती. दुधाचे कॅन पेंड कुठून खातील? आणि मग तिला ती गाडी आठवली. अर्धे कॅन रिकामे, तर उंचवट्यावरून जाताना खडखडाट व्हायला हवा होता. सकाळी एवढासा आवाज झाला नव्हता.

ती सुग्रीवकडं परत आली. आता ओरडली नाही. “दादा, आईनं न्हाई केलं. बबनकाका कॅन भरायच्या आधी कुठं ठेवतेत, तुमाला ठाऊक हाय का?”

सुग्रीवनं मान खाली घातली.

“पाह्यलंय मी,” तो म्हणाला. “पण सांगणार न्हाई. सांगितलं तर माझी गाय जाईल.”

“तुमची कावून?”

“मी तिथं काय करत होतो, हे बी सांगावं लागंल न.”

५

मावळतीला अजून थोडा अवकाश होता. फाटकाशी मोहनराव उभे, समोर धुळाजी दोन्ही बैलांचे कासरे धरून. छावणी मागं उभी, सगळ्यांचे डोळे जमिनीत. इतक्यात बबनरावांची गाडी आली, उंचवट्यावर चढली आणि मागच्या कॅनांनी असा खणखणाट केला की बैल दचकले.

“काका,” मनकर्णा पुढं झाली, “मी चोर दाखवते. पण आधी नियम बदला.”

“कसला नियम?”

“जनावरं बाहेर काढायचा. जुनी शिक्षा परत आणा. शेण.”

मोहनराव हसले. “चोर सापडायच्या आधीच शिक्षा कमी करू? ही तर उलटीच वकिली झाली. भाषणात काय बोललीवतीस?”

“चुकीचं बोलले. टाळ्या पडल्या म्हणून ते बरोबर ठरत न्हाई.” आवाज चांगला निघाला, त्यामुळं ती पुढं बोलत गेली. “तुमी पाटी लावल्यापास्नं एकानं तरी एक नाव सांगितलं का तुमाला? आधी रोज सांगायचे. चोऱ्या थांबल्या म्हणून गप्प झाले का सगळे? ती पोती बघा. चोराला काय, तो सापडणार न्हाई असं धरूनच चोरतो. धाक बसला तो बघणाऱ्यांना.”

“आन् नियम बदलून चोर न्हाई निघाला तर?”

“तर धुळाजीमामाच्या बैलांबरोबर आमची म्हैस बी काढा बाहेर.”

मागं भामाबाई उभी होती. मनकर्णेनं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तिचं धाडस तिथंच विरघळलं असतं.

“काढा,” मागून भामाबाई म्हणाली. “पोरगी बोलली ते बोलली.”

मोहनराव दोघींकडं बघत राहिले. मग त्यांनी टोपी नीट केली. “ठीक हाय. सगळ्यांसमोर सांगतो. या घडीपास्नं जनावराला शिक्षा न्हाई. शेण भरायचं. माझा शब्द.”

“सुग्रीवदादा,” मनकर्णा म्हणाली.

सुग्रीव पुढं आला आणि मिशीवरून हात फिरवला. “मालक, मी मक्याची पेंढी चोरली. गोदामाच्या मागून. पहाटंच. माझं शेण मला द्या.” कुणीतरी फिस्सकन हसलं. “तवा बबनराव आत होते. कॅन गोदामात नेऊन ठेवलेवते अन् पोत्यातली पेंड कॅनात ओतत होते. मला वाटलं, मोजमाप चाललं असंल. मग चोरीची बोंब झाली तवा कळलं. पण सांगायचं कसं?”

सुग्रीव बोलला आणि बांध फुटला. छबुबाईनं रतनबाईच्या वगारीचं सांगितलं, रतनबाईनं सुग्रीवच्या गाईचं, सुग्रीवनं भामाबाईच्या म्हशीचं, भामाबाईनं छबुबाईच्या गाईचं. “मला चोर समजलीस व्हय गं?” “तू तर माझ्या आधी समजलीस.” आणि शिमग्यापासून धुळाजीच्या बैलांना घाटी नाही, हे तर सगळ्या दावणीनं एकदमच सांगितलं.

“घाटी मी ऐकली,” बबनराव गाडीतून उतरत म्हणाले. आवाज अजून मऊच होता. “कुणाची, यात चूक झाली असंल. अन् सुग्रीवचं काय, त्यो तर सोताच चोर हाय.”

“मग कॅनाला विचारू,” मनकर्णा म्हणाली. “आज सकाळी पोती उघडायच्या आधीच गाडी भरलीवती. अजून कॅन धुतलेले न्हाईत. छबुमावशी, तुमचा नंबर हाय, आणा गाय.”

छबुबाईनं गाय आणली. मनकर्णेनं एका कॅनात तांब्याभर पाणी टाकलं, हलवलं आणि घमेल्यात ओतलं. दुसऱ्या कॅनातलं, तिसऱ्या कॅनातलं त्याच घमेल्यात ओतलं. पांढुरक्या पाण्यात तपकिरी कण फिरू लागले. गायीनं तोंड घातलं, पाणी संपवलं आणि तोंड वर केलं तेव्हा तिच्या नाकाडावर सरकीची पेंड चिकटलेली होती.

मोहनराव वाकले. ते कण त्यांनी बोटानं पुसून घेतले आणि बबनरावांच्या पांढऱ्या सदऱ्याला लावले.

“गेवराईत तुझ्या मेव्हण्याचं पेंडीचं दुकान हाय न, बबन्या?” ते म्हणाले. “आन् त्या नियमाचं खूळ माझ्या डोक्यात तूच घातलंस. पाटी बी सोताच्या रंगानं रंगवलीस. मला वाटलं, किती तळमळीचा माणूस हाय.”

धुळाजी कासरे धरून तसाच उभा होता. मोहनराव ओरडले, आता आवाजात आग होती. “हात-पाय मोडून फाटकाला टांगा याला. परत कुणी धजावणार न्हाई.”

“पुन्हा तेच,” मनकर्णा म्हणाली. “आज याला टांगाल. उद्या कुणी काही पाह्यलं तर सांगंल का तुमाला? ठाण्यात द्या, तिथलं तिथं होईल. सोसायटीतून काढा. आपलं काम एकच. सापडला पाहिजे, अन् सगळ्यांनी बोललं पाहिजे.”

मोहनरावांचा हात वर गेला होता. तो त्यांनी खाली घेतला, आणि मग धुळाजीला म्हणाले, “बैल आत ने, बाबा.”

६

दुसऱ्या दिवशी सकाळी, बबनरावांना ठाण्यात पोचवून मोहनराव परत आले तर ऑफिसापुढं रांग लागलेली.

रतनबाईची तक्रार होती की छबुबाईनं तिच्या गव्हाणीतलं उसाचं वाढं ओढलं. छबुबाईची तक्रार होती की सुग्रीव टँकरशी मधेच घुसतो. सुग्रीवची दोघींवरही होती. मोहनराव ऐकत गेले, शेण वाटत गेले, आणि दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला.

“अन् ही मना,” छबुबाई जाता जाता म्हणाली. “अभ्यास करती म्हणून बसती अन् जनावराचा ऊस खाती. मी रोज बघते.”

“खाते,” मनकर्णा म्हणाली. “गोड हाय.” आणि तिनं शेणाची पाटी उचलून घेतली.

रांगेच्या शेवटी धुळाजी होता. काल फाटकाशी ज्याच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता, तो आज छाती काढून उभा होता.

“बोल धुळाजी,” मोहनराव दमून म्हणाले. “तुझी कुणावर?”

“तुमच्यावर, मालक.”

रांग होती तिथं थांबली.

“सोमवारी मक्याचा भारा तुमच्या घरी गेला. वासराला. छावणीचा होता. म्या पाह्यला.”

छबुबाईनं पदर तोंडात कोंबला. सुग्रीव आभाळाकडं बघू लागला. मोहनरावांनी धुळाजीकडं बघितलं, मग मागं उभ्या माणसांकडं. एकाचेही डोळे आज जमिनीत नव्हते.

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. धोतराचा काचा मारला. बाहेर येऊन शेणाची रिकामी पाटी उचलली आणि मनकर्णेला विचारलं, “कुठनं सुरू करू?”

“आमच्या म्हशीपास्नं,” मनकर्णा म्हणाली. “लई टाकती ती.”